निळ्या शिंपल्याचं घर बदललं

टाकीची काच तडकली आणि खारं पाणी भराभर जमिनीवर गळू लागलं. आत धाकट्या जावेचा जिवंत निळा शिंपला होता. नखाएवढा असल्यापासून तिने वाढवलेला, आता चांगला कलिंगडाएवढा झालेला. त्याला लगेच शेजारच्या टाकीत हलवायला हवं होतं.

तिच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, हात घालून तो ओढायला घेतला.

"अहो, थांबा! दगडाला चिकटलेले त्याचे धागे उपटले तर जीव जाईल त्याचा," मी म्हणाले.

"मग काय पाणी संपायची वाट बघू, वहिनी?"

"धारदार पातं द्या आधी."

शिंपला मिटावा म्हणून जावेने वर हाताची सावली धरली, तसं त्याने तोंड मिटलं. देवाचं नाव घेत मी दगडालगतचे धागे अलगद कापले. भावोजींनी त्याला दोन्ही हातांनी खालून उचललं.

"बाप रे, तुझ्यापेक्षा जड आहे गं हा!"

"थट्टा नंतर करा, आधी नीट धरा!" जाऊ ओरडली.

नव्या टाकीत पाण्याखाली त्याला जरा तिरका केला, तशी आत अडकलेली हवा बुडबुड करत वर आली. मग आम्ही तिघं काचेला नाक लावून बसलो. बराच वेळ तो हलेना. जाऊ रडवेली झाली. इतक्यात शिंपला किंचित उघडला आणि त्याच्या मऊ अंगाची निळीशार झालर लहरत बाहेर आली.

"ताई, उघडला!" म्हणत ती माझ्या गळ्यात पडली. भावोजी ओल्या हातांनीच टाळ्या वाजवत सुटले.