टरफलातलं बी

थोरल्या लेकीचं, कमलाचं, लग्न झालं ते साल १९७८. वैशाखातल्या मांडवाच्या बल्ल्या श्रावण आला तरी अंगणात पडून होत्या, आणि नाचणगावच्या रूपरावांच्या भेंडीवर केवड्याचा रोग आला. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, मग अख्खी पानं, मग भेंड्याच पिवळ्या आणि वाकड्या निघू लागल्या. पुलगावच्या बाजारात गिऱ्हाईक टोपलीत हात घाली आणि पुढच्या दुकानाकडे जाई.

रूपरावांनी पाठीवर पंप घेऊन तीनदा दवाई मारली. राख उधळून पाहिली. दवाईचा दुकानदार म्हणाला, आणखी एकदा मारा. रूपरावांनी पंप गोठ्यात आदळला.

ही भेंडी बाजारची नव्हती. त्यांच्या आई आनंदाबाईंनी लग्नानंतर माहेराहून आणलेलं ते बी, आठ धारीचं, म्हणजे शेंगेला आठ कडा असलेलं. दरसाल त्या अर्ध्याच शेंगांचं बी पेरू देत. बाकीच्या वाळक्या शेंगांची जुडी चुलीवर, धुरात टांगलेली असे. आता आनंदाबाई खाटेवरच असत, डोळेही गेले होते, पण जुडीची चौकशी चुकत नसे.

धाकटी नलू वर्ध्याला कॉलेजात सायन्स शिकत होती. शनिवारी पॅसेंजरनं यायची, सोमवारी पहाटे जायची. रविवारी रूपरावांनी तिला वावरात नेलं.

"तुह्या पुस्तकात याचं काही लिवलं आहे का?"

नलूनं पान उन्हात धरलं. "हा विषाणू आहे, बाबा."

"विष त मीच मारून राह्यलो तीन हप्त्यांपासून."

"विष नाई. लय बारीक असते, कॉलेजातल्या मायक्रोस्कोपमधूनही दिसत नाई. एक सूत असते, गुंडाळलेलं. त्याच्याभोवती टरफलाचे तुकडे, सारे एकाच मापाचे, कणसावर दाणे बसतात तसे."

"कोण बसवते?"

"कोणीच नाई. आपोआप बसतात."

"पुलगावच्या मिलमधल्या हमालांले सांगून पाय. कापसाची गठाण आपोआप बांधल्या जाते म्हणा."

नलू हसली. रूपराव हसले नाहीत. "अन् सुतात काय आहे?"

नलूनं न्यूक्लिइक आम्ल असं काहीतरी म्हटलं. रूपरावांच्या कपाळावर आठी पडली. तिनं पुन्हा सांगितलं, हळू. आठी तशीच. शेवटी तिनं जवळची एक वाकडी भेंडी तोडली आणि नखानं चिरली.

"बी समजा. टरफलात बी गच्च भरलेलं. टरफल नुसतं सांभाळते. पानात शिरलं का टरफल सुटते, अन् बी आपलं काम करते. रोग सारा त्या बीमधी असतो."

"बीमधी?"

"हो. आता हे एका झाडावरून दुसऱ्यावर कसं जाते सांगू का..."

"राहू दे आता," रूपराव म्हणाले आणि तरातरा घराकडे निघाले. तीन हप्ते दवाई पानांवर मारत होतो आणि रोग बीमध्ये बसलाय. हे त्या दुकानदाराला ठाऊक नसावं?

सोमवारी नलू गाडीला गेली. रूपरावांनी सारी भेंडी उपटून बांधावर टाकली. मग घरी येऊन जुडी खाली घेतली आणि शेंग न शेंग चुलीत घातली. बी तडतडलं. खाटेवरून आनंदाबाई म्हणाल्या, "काय भाजून राह्यला रे?"

"काही नाई, माय."

शनिवारी नलू आली, तेव्हा चुलीवरचा खिळा रिकामा होता. रूपरावांनी तिला ओसरीत नेऊन मोठ्या समाधानानं सगळं सांगितलं. नलू खालीच बसली.

"बाबा, म्या विषाणूचं बी म्हटलं होतं. भेंडीचं नाई. हा रोग बीमधून येतच नाई. पांढरी माशी आणते."

रूपराव म्हणाले, "तुले दुसरा शब्द नाई सापडला?"

"सापडला होता. तुमच्या कपाळाले आठी पडली."

"अन् माशीचं काऊन नाई सांगतलं?"

"सांगतच होती. तुमी निघून गेले."

रूपरावांनी अंगणातली एक बल्ली उचलली, दोन पावलं नेली आणि तिथेच टाकून दिली.

कमलाच्या सासरी विचारलं, आनंदाबाईंच्या माहेराहून त्यांच्या भाच्याला बोलावलं. आठ धारीचं बी कुणाकडे उरलं नव्हतं. आनंदाबाईंनी जुडीची चौकशी केली की रूपराव 'आहे, माय' म्हणत. पुढच्या पावसाळ्यात रूपरावांनी बाजारचं बी पेरलं. श्रावणात त्यावरही केवडा आला. तो पाहून ते बांधावर बसले आणि एक शिवी हासडली, कोणाला ते त्यांनाही कळलं नाही.

त्यातल्या चार बऱ्या शेंगा वाळवून त्यांनी चुलीवर टांगल्या. आनंदाबाईंनी जुडी मागितली. त्यांनी एका शेंगेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"पाच धारी हायेत. आपली कुठं हाय?"

"जाळली, माय. म्याच."

"काऊन?"

रूपरावांनी सांगायला सुरुवात केली. सूत, टरफल, त्यातलं बी. मध्येच त्यांना न्यूक्लिइक हा शब्द हवा होता, तो आठवेना. "एक बी असते," ते म्हणाले, "पण ते बी नसते."

आनंदाबाईंनी शेंग त्यांच्या हातात परत दिली.

त्याच साली, १९७९च्या कार्तिकात, आनंदाबाई वारल्या.