कातडी काढायचं काम

मेडिकलचे पहिले तीन महिने मी कसे काढले ते आबांना सांगताना माझी छाती फुगली होती. आबांनी पाच मिनिटांत मला जमिनीवर आणलं. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचा आला नाही.

साल पंच्याहत्तर, दिवाळीची सुट्टी. ताडकळसच्या आमच्या बौद्धवाड्यातून मेडिकलला गेलेला मी पहिलाच. कॉलेजात सुरुवातीला माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मेसमध्ये मी बसलो की शेजारचा उठायचा. वळकटी गुंडाळून गावाकडं पळावं असं रोज वाटायचं.

मग डिसेक्शन सुरू झालं. एका प्रेतावर आठ मुलं. पहिल्या दिवशी सात जण नाकाला रुमाल लावून मागं सरले, आणि पूर्णा गावातल्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा वीरुपाक्ष मला म्हणाला, नागनाथ, तू धर सुरी. मी धरली. पहिला छेद वाकडा गेला, पण जमलं. तेव्हापासून कातडी मी काढायचो, एकेक नस मी मोकळी करायचो, आणि बाकीचे स्टुलावर बसून पुस्तक वाचायचे. नागनाथसारखा हात कुणाचा नाही, असं साऱ्या हॉलमध्ये झालं. मेसमध्ये पोरं माझी जागा धरून ठेवायला लागली. मी रुळलो होतो. हेच मी आबांना सांगत होतो.

आबा रेल्वेत गँगमन. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा गावची मेलेली ढोरं ओढायचं नि सोलायचं काम त्यांनी सोडलं. त्यापायी गावानं वर्षभर त्यांना मजुरी दिली नाही, पाणी भरू दिलं नाही, मारलं ते वेगळंच. त्यांनी सुरी परत धरली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी जन्मलो.

त्यांनी शांतपणे विचारलं, "सोलायचं काम रोज तुझ्याकडंच?"

मी म्हणालो, हो, बाकीच्यांना जमत नाही.

"आन् पुस्तक कदी तुझ्या हाती आलं का?"

एकदा मी मागितलं होतं. हात चरबीनं भरलेत, पानं खराब होतील, असं म्हणून सगळे हसले होते. मीही हसलो होतो. हे ऐकलं आणि आबांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"म्या सुरी टाकली तवा तू जन्मला बी नव्हतास. तुला ती कदी दावली बी न्हाई. मंग आठ जणांत ती तुझ्याच हातात कशी आली?"

मी भडकलो. हे गाव नाही, ते शास्त्र आहे, तुम्हाला त्यातलं काय कळतं, असं नको नको ते बोललो. आई मधे पडली म्हणून थांबलो. खरं सांगायचं तर आबांचं बरोबर होतं हे मला तिथंच कळलं होतं, आणि राग त्याचाच होता. तीन महिन्यांत जोडलेली एवढीच तर माणसं होती माझी.

सुट्टी संपली. आबा पूर्णा स्टेशनवर सोडायला आले. तिथं वीरुपाक्ष भेटला. आबांना नमस्कार करून त्यानं माझ्या हाताचं कौतुक सुरू केलं. आबा रुळांकडं बघत राहिले.

मी म्हणालो, "सोमवारपासून पुस्तक मी वाचणार. कातडी तू काढ."

तो हसला. ही थट्टा नाही हे कळल्यावर म्हणाला, "माझ्यानं नाही होणार रे. किळस येते."

"मला येत नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

"तसं नाही, पण तुमच्याकडं..." एवढं बोलून त्यानं आबांकडं बघितलं.

उभ्या जिंदगीत मी एका मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता. पहिली कातडी मी सोलली ती डॉक्टर व्हायला गेल्यावर, ह्या पोरांच्या सांगण्यावरून, आणि वर त्याची शाबासकी घेतली.

गाडी आली. वीरुपाक्ष पुढच्या डब्यात जाऊन बसला. मी त्याला हाक मारली नाही.