काळी म्हणजे मायनस

“लागतोय का?”

“काय?”

“वारा, व्हर्न. तोंडावर वारा लागतोय का?”

ग्वेन प्रीब पायरीवर उभी होती, हातात वायर सोलायची पक्कड. घरासमोरच्या उतारावर त्यांचा पॉपअप कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढून न्यायचा चाकांवरचा तंबू, उघडून ठेवला होता. हँडल फिरवून छत वर चढवलेलं, दोन्ही टोकांचे पलंग खणांसारखे बाहेर ओढलेले, वरून ताणलेलं करडं कापड. डाव्या पलंगावर तिचा नवरा बूट काढून उताणा पडला होता. त्याच्या डोक्याशी, कापड पेलणाऱ्या दांडीला, नवा पंखा चिमट्याने बसवला होता. पंखा फिरत होता. चांगला घूं घूं करत फिरत होता.

“फिरतोय तर,” ती म्हणाली.

“दिसतंय मला.”

“मग?”

“मग काय. असेल वारा. मला नाही कळत.”

तो उठला. उठून बसायला त्याला आता हप्ते लागत. आधी कोपर, मग थांबणं, मग उरलेला माणूस.

“दे टाकून हा कॅम्पर,” तो म्हणाला. “डीच्या पोराला हवाय कधीपासून, केथला.”

“दिवे अजून पेटले नाहीत. दिवे पेटले ना, की मग—”

“ग्वेन. नाकासमोर पंखा फिरतोय नि मला वारा कळत नाही. दिव्यानं काय होणारे?”

काळी

ग्वेनने जन्मभर वायरी बांधल्या. मोटारीच्या दारात, छतात, डॅशबोर्डमागे वायरींची जी जुडी असते ती तिच्या कारखान्यात तयार होई, एका फळीवरच्या खुंट्यांभोवती फिरवून. फळी सरकत पुढे जायची, बायका फळीबरोबर चालायच्या. चालता चालता बोलायच्या. कुणाचा नवरा, कुणाची सून, कुणाच्या ॲपल-पायचा तळ चामड्यासारखा. तोंड बोलत असे आणि हात आपले आपले. हातांना एकच गोष्ट पाठ होती: काळी म्हणजे मायनस. लाल बदलेल, पिवळी बदलेल, जांभळ्यावर पांढरी रेघ येईल. काळी बदलायची नाही. नव्या मुलीला ग्वेन पहिल्या दिवशी एवढंच सांगायची आणि दुसऱ्या दिवशी एवढंच विचारायची.

मग कारखाना बंद झाला. फळ्या दुसऱ्या देशात गेल्या.

हात घरी आले.

कापड

(हे मागच्या वर्षीचं. आधी सांगायला हवं होतं.)

प्रीब मंडळी दर जूनमध्ये एकाच तळ्यावर जातात. तिथे हातपंप आहे, लाकडी संडास आहे, वीज नाही. वीज हवी असेल तर दोन वळणं पुढे गाड्या लावायचं मोठं आवार आहे, तिथे खांबाला तार जोडायची सोय असते. तिथे उतरणाऱ्यांना प्रीब मंडळी माणसांत धरत नाहीत.

“ते कॅम्पिंग नव्हे,” व्हर्नची थोरली बहीण डी म्हणते, “ते पार्किंग.”

हे वाक्य मुळात व्हर्नचं. तेव्हा तो लोखंड ओतायच्या फाउंड्रीत होता आणि दोन्ही खांद्यांवर कनू, ती लांब होडी, वाहून नेत असे. आता त्याच्या छातीत निम्मी फाउंड्रीची वाळू आहे, निम्म्या सिगारेटी. डॉक्टर त्याला लांबलचक नाव देतात. व्हर्न ‘बक्षिसी’ म्हणतो. घरी तो आरामखुर्चीत झोपतो, समोर जमिनीवरचा मोठा पंखा लावून.

तर मागच्या जूनमध्ये तळ्यावर दोघं आपापल्या पलंगावर आडवी झाली. ग्वेन उजव्या टोकाला, तो डाव्या. तिला कापडी दाराची चेन उघडल्याचा आवाज आला. मग ट्रकचं दार. सकाळी तो ट्रकच्या पुढच्या सीटवर होता, काच खाली, हनुवटी कॉलरमध्ये रुतलेली.

“काय रे,” डीने बॉनेटवर थाप मारली, “बायकोनं हाकललं?”

सगळे हसले. तोही हसला. घरी आल्यावर त्याने कॅम्परचं छत खाली उतरवलं, वरून ताडपत्री ओढली, आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. ताडपत्रीवर बर्फ पडला. वितळला.

बोलला तो वसंतात, आणि तेही नर्सजवळ. ग्वेन शेजारच्या खुर्चीत त्याचं जाकीट मांडीवर घेऊन बसली होती.

“अंधारात कापड तोंडावर आल्यासारखं होतं,” तो नर्सला म्हणाला. “हवा उभी राहते.”

इतकी वर्षं संसार झाला आणि हे तिला जाकिटाच्या मागून ऐकावं लागलं.

नर्स म्हणाली, छोटा पंखा लावा. तोंडावर वारा लागला की जिवाची समजूत पटते. आणि हाताशी दिवा ठेवा, डोळे उघडले की छत कुठं आहे ते दिसायला हवं.

लाल

ग्वेनने कॅम्परच्या बॅटरीवर चालणारे दोन पंखे आणि दोन एलईडी दिवे आणले. एकेक त्याच्याकडे, एकेक स्वतःकडे. एकट्यासाठी केल्यासारखं दिसायला नको.

“मला फार उकडतं हल्ली,” तिने डीला फोनवर सांगून ठेवलं.

मधल्या टेबलाच्या वर छताला एक जुना दिवा आहे. कॅम्परमध्ये तेवढाच. पलंगांपर्यंत त्याचा उजेड पोचतच नाही. ग्वेनने त्याची झाकणी काढली. आत दोन वायरी: एक काळी, एक पांढरी. पंख्याच्या वायरी लाल आणि काळी. दिव्याच्याही लाल आणि काळी. तिने काळीला काळी जोडली. उरलेल्या पांढरीला लाल. टेप गुंडाळली, वायर दांडीच्या कडेने नेली, चिमटे मारले. इतकं नेटकं काम की फळीवरच्या बायकांनी बघायला यावं.

पंखे फिरले. दिवे पेटले नाहीत.

पंखे फिरले म्हणजे वायर बरोबर. म्हणजे दिवे खराब. तिने दुकानात जाऊन बदलून आणले. तेही पेटले नाहीत.

“हल्ली मालच खराब येतो,” काउंटरवरची बाई म्हणाली.

“येतोच,” ग्वेन म्हणाली.

आणि मग व्हर्न बूट काढून पलंगावर पडला. तिथून वर वाचलंत.

फोन

“डी, तुमच्या केथला कॅम्पर हवाय ना?”

“का गं? गेला का काय?”

“कॅम्पर?”

“व्हर्न!”

“नाही. गवत कापतोय. कापायच्या गाडीवर बसून.”

“मग झालं काय?”

“त्याला वारा कळत नाही.”

“म्हणजे गं?”

“तोंडासमोर पंखा फिरतो, डी. आणि त्याला कळतच नाही.”

डी गप्प झाली. डी गप्प झाल्याचं ग्वेनने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

“आईला शेवटी शेवटी,” डी म्हणाली, “मीठ कळायचं बंद झालं होतं.”

मग नाक ओढल्याचा आवाज.

“केथला पाठवते शनिवारी. ताडपत्री असू दे हं सोबत.”

पांढरी

शनिवारी सकाळी ग्वेन पंखे उतरवायला गेली. केथला कॅम्पर द्यायचा तर होता तसा द्यावा.

कॉटनवुडच्या झाडांनी गावभर कापूस सोडला होता. म्हाताऱ्या हवेत तरंगत होत्या, कुंपणाला, गवताला, कोळ्यांच्या जाळ्यांना चिकटत होत्या. कॅम्परच्या उघड्या दारातूनही येत होत्या. मागच्या अंगणात व्हर्नची गवतकापणी चालली होती, बसून, एकाच तुकड्यावर पुन्हा पुन्हा.

चिमट्याचा स्क्रू आडवं झाल्याशिवाय हाताला येत नव्हता. ती त्याच्या पलंगावर आडवी झाली. इतक्या उन्हाळ्यांत ती या टोकाला कधी झोपली नव्हती. कापड खरंच फार जवळ होतं.

उतरवण्याआधी एकदा, उगाच, तिने बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. घूं घूं.

तिच्या तोंडावर काहीच आलं नाही.

ती तशीच पडून राहिली. आपण नातवंडांची हवेची गादी अजून तोंडानं फुगवतो. आपल्या छातीला काय झालंय?

एक म्हातारी दारातून आत आली. टेबलावरून, उशीवरून, ग्वेनच्या नाकासमोरून सरळ पुढे गेली आणि पंख्याच्या जाळीला चिकटली. अलीकडून. मग दुसरी. मग तिसरी. जाळीला दाढी फुटायला लागली.

अलीकडून.

ती झटकन उठली, डोकं दांडीवर आपटलं, तशीच टेबलावर चढून छताच्या दिव्याची झाकणी तिने उघडली. काळी. पांढरी. ती त्यांच्याकडे बघत राहिली. भिंतीतल्या वायरी अशाच असतात. घराच्या. तिकडच्या घरांत काळी करंट आणते आणि पांढरी परत नेते. व्हर्नला स्वयंपाकघरातला प्लग बदलताना तिने शंभरदा टॉर्च धरलाय. हे सगळं तिला माहीत होतं. फक्त कॅम्परला चाकं होती म्हणून तिने त्याला गाडी धरलं.

कॅम्पर बांधणाऱ्यांनी घर धरलं होतं. वायर उलटी जोडली की असला दिवा पेटतच नाही; पंखा फिरतो, पण उलटा.

तिने टेप सोडली. पांढरीला काळी. लिहितानाही विचित्र वाटतं, तिच्या बोटांना तर कसं वाटलं असेल. बोटं दोनदा मागे आली. मग जुळली.

दिवे पेटले. दोन्ही टोकांना, भर सकाळी. आणि डाव्या पंख्याने जाळीवरची सगळी दाढी फुर्रकन तिच्या तोंडावर फेकली. उघड्या तोंडात गेली. ती थुंकत, हसत, एका पायातला बूट तिथेच टाकून मागच्या अंगणात धावली.

“व्हर्न! तुझी छाती नव्हे रे! माझी वायर!”

त्याने कानांतले बोळे काढले. “काय?”

“उलटा फिरत होता! वारा फेकत नव्हता, ओढत होता!”

त्याने इंजिन बंद केलं. आजूबाजूला एकदम इतकी शांतता झाली की शेजारचा कुत्राही उठून बसला.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “मला वारा कळत नव्हता, कारण वाराच नव्हता?”

“नव्हता.”

“तोंडावर.”

“नव्हताच!”

तो सीटवर बसून राहिला. मग हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं पुन्हा हसणं. ती पाठीवर हात ठेवून थांबली. श्वास जागेवर आला तेव्हा तो म्हणाला, “जन्मभर वायरी बांधल्यास तू.”

“गाड्यांच्या.”

“माझ्या ट्रकच्या पण?”

“तुझ्या ट्रकच्या नाही.”

“देव आहे म्हणायचा.”

तो पुन्हा त्या पलंगावर पडला, हप्त्याहप्त्याने. तिने बटण दाबलं.

“लागतोय?”

“गप्प बस जरा.”

त्याने डोळे मिटले होते. ती पायरीवर थांबली, एका पायात बूट.

“केस उडतायत,” तो म्हणाला.

“कुठले रे? आहेत कुठे?”

“भुवयांचे.” मग डोळे न उघडता: “केथला फोन कर. म्हणावं, पेट्रोल जाळू नको.”

तळं

“हे काय?” डीने कापडातून डोकं आत घातलं. “दिवे? पंखे? व्हर्न, तू पार्किंगवाला झालास?”

“खांब दिसतोय का कुठे? तार दिसतेय? बॅटरीवर आहे. नियमात बसतं.”

“नियम कुणाचा?”

“माझाच. माझ्या बायकोला उकडतं.”

“मला फार उकडतं,” ग्वेन म्हणाली. तिने जाड स्वेटर घातला होता.

डीने तिच्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, मग डावीकडच्या पंख्याकडे. “उकडतंच गं इथं,” ती म्हणाली, आणि डोकं बाहेर घेतलं.

रात्र

झोपले.

सकाळ

ग्वेनला जाग आली ती शांततेने.

घूं घूं नव्हतं. समोरच्या टोकाचा पंखा उभा होता. दिवाही विझला होता. बॅटरी जुनी, संपली असणार कधीतरी, पहाटे किंवा त्याच्याही आधी.

ती अनवाणी मधली जागा ओलांडून गेली. व्हर्न कुशीवर होता, तोंड पंख्याकडे. हात उशीखाली. अगदी हलत नव्हता. पंखा बंद, हवा उभी, कापड जवळ. ती वाकली. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

त्याच्या मिशीत एक म्हातारी अडकली होती. घरून अंथरुणात आली असेल.

म्हातारी बाहेर झुकली. परत आली.

बाहेर झुकली. परत आली.

ग्वेन किती वेळ उभी होती कोण जाणे. पाय गार पडले तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर पांघरूण ओढलं आणि चेन एकेक दात करत उघडून ती बाहेर आली. डी दोन पत्र्याचे कप घेऊन येत होती.

“उठला का तुझा पार्किंगवाला?”

“झोपलाय.”

“कुठं?” डीने ट्रककडे पाहिलं. ट्रकमध्ये कुणी नव्हतं. तिने सीटवरून नजर काढली आणि एक कप पुढे केला. “चालला म्हणजे पंखा रात्रभर.”

ग्वेनने कप दोन्ही हातांत धरला.

“लागला तेवढा,” ती म्हणाली.

दोघी पायरीवर बसल्या. त्यांच्या मागे, कापडाच्या आत, घोरणं सुरू झालं. डीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ग्वेनने ओठांवर बोट ठेवलं, आणि डी गप्प बसली.