निक येमचं फूल

नवऱ्याने कोरायचं आणि मी घासायचं, अशी आमच्या घरात कामाची वाटणी. देरामनने पटाशी खाली ठेवली की मी खरवतीची खरखरीत पानं भिजवून बसायची आणि चेंगलचं लाकूड हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासायची.

त्या वर्षी राजवाड्याच्या नव्या बैठकीच्या दारावरची जाळी त्याला मिळाली. वेल नेहमीचाच होता. कुंभातून निघालेला, शेंड्याची टोकं आत वळवलेली, कारण टोक समोरच्याच्या अंगावर रोखणं आमच्यात उद्धटपणा. पण मधलं फूल त्याने पूर्वी कधी कोरलं नव्हतं. पाच पाकळ्या, त्यातली एक लाजल्यासारखी मुडपलेली.

"हे कुठलं हो नवीन?"

"राजवाड्यातून कागद आलाय. निक येमने काढलंय."

निक येम राजवाड्यात जरीकाम करायची. आमच्या लग्नाआधी देरामनने तिलाच मागणी घातली होती आणि तिच्या बापाने पानसुपारीचं तबक परत पाठवलं होतं. हे मला सासूने लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं. वीस वर्षं मी ते पोटात ठेवलं.

पहिल्या दिवशी त्या फुलावर माझा हात चुकून जास्त चालला. दुसऱ्या दिवशी चुकून नाही. पाचव्या दिवशी मुडपलेली पाकळी सपाट झाली. फूल चघळून टाकल्यासारखं दिसू लागलं.

देरामनने त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. नवं कोरायला वेळ उरला नव्हता.

जाळी चढवली तेव्हा मीही गेले. राजवाड्याचे कारभारी दातो मान वर करून म्हणाले, "वेल झकास! फूल असं बोथट का रे?"

"हात चुकला माझा, दातो," देरामन म्हणाला.

खांबाशी उभी असलेली निक येम पटकन म्हणाली, "माझ्याच कागदावर रेघ पुसट असेल."

दोघांनी मला सांभाळून घेतलं, की एकमेकांना? माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

वाटेत मी म्हटलं, "खोटं कशाला बोललात? माझं नाव सांगायचं!"

"काय सांगू? बायको फुलावर जळते म्हणून?"

"तिच्यावर जळते! फुलाने काय माझं घोडं मारलंय?"

तो रस्त्यातच थांबला. "केलसोम, ती मला आवडायची. आता काही नाही म्हटलं तर पटेल तुला?"

"नाही."

"मग करू काय?"

"माझ्यासाठी कोरा काहीतरी. तिने न काढलेलं."

"कारल्याचा वेल कोरतो. तुपात तळा, साखरेत घोळा..."

"कोराच!"

त्याने खरंच कोरला, आमच्या पुढच्या दारावर. राजवाड्याचं काम मात्र पुन्हा आलं नाही. पुढची जाळी नदीपलीकडच्या कारागिराला गेली, आणि तो दोष माझाच.

एकदा निक येम आमच्या दारावरून चालली होती. थांबून वर पाहत म्हणाली, "पानं काय सुरेख उतरलीत!" मी तिला आत बोलावलं, सरबत दिलं, पोराबाळांची विचारपूस केली. देरामन मागच्या अंगणात लाकूड तासत होता. त्याला मी हाक मारली नाही.