एकावन्नाव्या पानावरची टोळी

गिरगावातल्या हितचिंतक ग्रंथसंग्रहालयात पुस्तकं वाचणारे आणि ग्रंथालय चालवणारे हे दोन वेगळे समाज आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. वाचणारे येतात, पुस्तक बदलतात आणि जातात. चालवणारे येतात, पंख्याखाली बसतात आणि गेल्या सभेचं इतिवृत्त मंजूर करतात. ग्रंथपाल लतिका सामंत सव्वीस वर्षं या दोघांच्या मधोमध टेबल टाकून बसली होती.

कार्यवाह रघुवीर पितळे अर्थातच दुसऱ्या समाजातले. त्यांची नोकरी संरक्षण खात्याच्या एका भांडारात झाली. काय काम करायचात, असं कोणी विचारलं की ते आवाज खाली आणून म्हणत, "ते सांगता येणार नाही." काम उशांच्या अभ्र्यांची नोंद ठेवण्याचं होतं. पण चौतीस वर्षं फायलींवर 'गोपनीय' असा शिक्का मारत राहिलं की माणसाला आपणही थोडे गोपनीय आहोत असं वाटायला लागतं. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर देशाचं उरलेलं संरक्षण त्यांनी ग्रंथसंग्रहालयातल्या दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटाला दिलं. दोनशे बारा पुस्तकं, दोन कुलपं आणि एकच नियम: कोणालाही द्यायचं नाही. रोज दुपारी दोन ते सहा ते स्वतः कपाटासमोर खुर्ची टाकून बसत.

सोमवारी मात्र ते सकाळीच आले आणि त्यांनी लतिकाला कपाटापाशी बोलावलं. टेबलावर मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडं होतं आणि पितळ्यांच्या हातात भिंग होतं.

"पान एकावन्न. खालचा कोपरा बघा, सामंतबाई."

कोपऱ्यात पेन्सिलीचे तीन बारीक ठिपके होते, त्रिकोणात मांडलेले. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा मासा.

"आता हे बघा." पितळ्यांनी पाककृतींचं एक जुनं पुस्तक पुढे सरकवलं. तिथेही एकावन्नाव्या पानावर तेच तीन ठिपके. "तीन दिवस तपासतोय मी. ठिपके एकशे त्रेचाळीस पुस्तकांत. मासा एकोणतीस. चंद्रकोर अकरा. सगळं एकावन्नाव्याच पानावर. याला काय म्हणतात, माहितीये?"

लतिकाला चांगलंच माहीत होतं. 

"याला सांकेतिक लिपी म्हणतात," पितळे म्हणाले. "हेरगिरी चाललीये आपल्या कपाटातून."

ग्रंथालयात पुस्तकं बदलणाऱ्या बायकांची ही जुनी रीत. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर आपली खूण करायची, म्हणजे सहा महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा पिशवीत येत नाही. हितचिंतकचं ठरलेलं पान एकावन्न. बाहेरच्या कपाटांतली कुठलीही कादंबरी उघडावी, तर त्या पानावर ठिपके, फुल्या, स्वस्तिकं यांची जत्रा भरलेली दिसेल. पितळ्यांनी तशी कादंबरी अकरा वर्षांत उघडलेली नव्हती, म्हणून बिचाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं.

कुलूपबंद कपाटात या खुणा पोचल्या कशा, हेही लतिकाला माहीत होतं, कारण पोचवल्या तिनेच. कपाट बंद झालं आणि दुसऱ्याच वर्षी आत कसर शिरली. पुस्तकांना हवा लागायला हवी, असं तिने पितळ्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तिसरं कुलूप सुचवलं. मग तिने हवेची व्यवस्था स्वतःच केली. साफसफाईसाठी किल्ल्या तिच्याकडे असत. एकेक पुस्तक भरवशाच्या वाचकाकडे जायचं आणि आठ दिवसांत, पानं झटकून, परत यायचं. मासा म्हणजे वरळी कोळीवाड्याच्या राधाबाई. गिरगावच्या बाजारातली मासळी संपली की साबणाने दोनदा हात धुऊन त्या पुस्तक न्यायच्या. चंद्रकोर म्हणजे काळाचौकीच्या बालवाडीतल्या एक निवृत्त बाई. आणि तीन ठिपके म्हणजे सौ. वैदेही रघुवीर पितळे.

"या ठिपकेवाल्याकडे सगळी सूत्रं आहेत," पितळे म्हणाले. "अतिशय थंड डोक्याचा माणूस. आणि तो कोण, हे मी ओळखलंय. अकरा वर्षांत हे कपाट फक्त एकासाठी उघडलं. सम्यक कांबळे."

सम्यक डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, विद्यापीठाचं पत्र घेऊन आलेला संशोधक. परळ-लालबागचे तलाव बुजवून त्यावर गिरण्या कशा उभ्या राहिल्या, यावर त्याचा प्रबंध होता. चार महिने खेटे घातल्यावर त्याला जुने नकाशे बघायची परवानगी मिळाली होती.

"साहेब, तो तलावांवर लिहितोय."

"तलाव, खाडी, बंदर. पाण्याला पाणी लागूनच असतं. आणि राहतो कुठे? डिलाईल रोडला. तिथून नौदलाची गोदी किती लांब?"

"बरीच लांब आहे."

"तेच म्हणतोय मी. संशय येऊ नये म्हणूनच लांब राहतो."

पितळ्यांनी सम्यकचा प्रवेश त्याच दिवशी बंद केला. गुरुवारच्या सभेत ठराव होणार होता, आणि तो होताच एक पत्र पोलिसांना, प्रत विद्यापीठाला.

मंगळवारी सम्यक जिन्याखालीच लतिकाला भेटला. वॉचमनने त्याला वर सोडलं नव्हतं.

"मॅडम, मी पेन्सिल वापरतच नाही. सगळं मोबाइलवर टाइप करतो. सरांना दाखवला पण मी फोन. ते म्हणाले, डिलीट केलं असशील." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "थिसिस राहू दे, एक्स्टेन्शन मागेन. पण पोलिसांत असलं लेटर गेलं ना, की नाव लागलं ते लागलं. नंतर खोटं निघालं तरी ते कोण सांगत फिरणार? आमच्या चाळीत पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला हवालदार आला तरी चार जण विचारतात, काय केलंस रे?"

लतिकाला स्वतःची लाज वाटली. चूक तिची, आणि निस्तरायची कोणी, तर या पोराने. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ती त्याला 'बघते मी' एवढंच म्हणाली, आणि हे शब्द किती स्वस्त आहेत हे तिला म्हणतानाच कळलं.

पितळे दुपारी दोनला येत, म्हणून वैदेहीवहिनी मंगळवारी साडेबाराला यायच्या. त्या आल्या आणि त्यांनी भाजीच्या पिशवीतून, कोथिंबिरीच्या वर नीट कापडात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. लतिकाने त्यांना सगळं सांगितलं. वहिनी आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"तरीच. तीन दिवस घरी आले की खोलीचं दार लावून काहीतरी लिहीत बसतात. चहासुद्धा बाहेर स्टुलावर ठेवायचा, आत यायचं नाही. मला वाटलं, तब्येतीचं काही लपवतायत." त्यांनी पिशवीचे बंद आवळले. "त्या मुलाचं वाईट होता कामा नये, लतिका. वेळ आली तर माझं नाव सांग. फक्त मोठ्याने नको. बीपी आहे त्यांना."

गुरुवारी साडेपाचला सभा भरली. अध्यक्ष रमाकांत वेलणकर नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसले होते; झोपेतही हात वर करायला ते चुकत नसत. पितळ्यांनी अहवाल वाचला. त्यात सूत्रधार, साथीदार, 'मत्स्यचिन्ह धारण करणारा इसम' असं सगळं यथासांग होतं. ठराव मताला टाकायची वेळ आली तेव्हा लतिका उठून उभी राहिली.

"खुणा सम्यकच्या नाहीत. वाचकांच्या आहेत. पुस्तकं मी दिली, आठ वर्षं देतेय. त्याचं नाव काढा आणि माझं घाला."

वेलणकरांनी डोळे उघडले.

"दिलीत?" पितळ्यांना हेरगिरी पचली होती, हे पचेना. "म्हणजे लोक ती घरी नेऊन वाचत होते?"

"हो. ज्यांना हवा लागली त्यांतल्या एकालाही कसर लागलेली नाही. न वाचलेली एकोणसाठ आहेत, ती उघडून बघा."

"मला नावं हवीत. ठिपकेवाल्याचं आधी. नाव नाही सांगितलंत तर मी समजेन की तुम्ही त्या पोराला पाठीशी घालताय, आणि पत्र आत्ता जाईल."

लतिकाने फाइलीतून एक कागद काढला आणि फक्त पितळ्यांना दिसेल असा त्यांच्यापुढे ठेवला. तो दहा वर्षांपूर्वीचा अर्ज होता. 'विषय: दुर्मिळ पुस्तक वाचावयास मिळणेबाबत.' खाली वळणदार अक्षरात सही, सौ. वैदेही र. पितळे. त्याखाली लाल शाईत शेरा: 'अर्जदार कार्यवाहांच्या नात्यातील असल्याने नामंजूर.' हा नकार पितळ्यांनी स्वतःच्याच घरी पोस्टाने पाठवला होता, आणि त्या निःस्पृहपणाचा उल्लेख वार्षिक अहवालात आवर्जून केला होता. बायकोला पुस्तक खरंच वाचायचं असेल, हे त्यांच्या डोक्यात तेव्हाही आलं नव्हतं आणि नंतरही नाही.

अर्जाच्या शेवटी, सहीच्या बाजूला, तीन ठिपके होते.

पितळ्यांनी कागद जवळ ओढला. मग त्यांनी चष्मा काढला.

"ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "ठिपकेवाली व्यक्ती माझ्या परिचयाची आहे."

"मग बोलवा की त्यांना," वेलणकर म्हणाले. "आणि सामंतबाईंना मेमो द्यायचा ना?"

"नको. हवा लागणं आवश्यक होतं, असं इतिवृत्तात लिहा." वेलणकरांनी समाधानाने हात वर केला आणि सभा संपली.

सगळे गेल्यावर पितळे लतिकाच्या टेबलाशी आले. सम्यकच्या परवानगीवर त्यांनी सही केली, तारीख घातली आणि ते तिथेच घुटमळत राहिले.

"एकशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "परिचयाची म्हणालो खरा. पण आठ वर्षांत ती मला त्यातल्या एकाबद्दलही बोलली नाही. आवडलं कुठलं तिला?"

"ते त्यांनाच विचारा."

"विचारीन." त्यांनी कपाटाकडे बघितलं, मग आपल्या खुर्चीकडे. "घरात मी तिला कधी पुस्तक घेऊन बसलेलं बघितलं नाही हो. वाचायची कधी ती?"

लतिकाला त्यांची दया आली. खोटं सांगता आलं असतं, पण तिने सांगितलं नाही.

"दुपारी," ती म्हणाली. "दोन ते सहा."