पंख आहेत, उडून जा

मुन्साकाने सायकल आंब्याला टेकवली आणि फाटक उघडायच्या आधीच ओरडायला सुरुवात केली.

"ए हत्तींनो! मेला का तुमचा म्हातारा? लवकर सांगा, खड्डा खणायला घ्यायचाय. तुमच्या लोकांना जागा फार लागते!"

अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. भिंतीलगतच्या सावलीत हाबीन्झू खुर्चीवर बसला होता आणि त्याची बायको, लुयांदोची आई, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारं विरजलेलं दूध फडक्याने टिपत होती. नांगर हातात असतानाच त्याची उजवी बाजू गेली होती, आणि तिच्याबरोबर वाचाही.

"या दादा," ती म्हणाली. तीही मुन्साकासारखी पक्ष्यांच्या कुळातली, म्हणून त्याची बहीण. हाबीन्झू हत्तींच्या कुळातला.

कूळ आईकडून येतं, आणि कुणाला शिव्या द्यायच्या हेही त्याच्याबरोबरच येतं. पक्ष्यांनी हत्तींना आणि हत्तींनी पक्ष्यांना वाटेल ते बोलावं, कुणी रागवायचं नाही. मयताच्या घरी तर बोललंच पाहिजे, नाहीतर रडणाऱ्यांना हसवणार कोण? पण या दोघांनी ती रीत म्हणून कधी पाळलीच नाही. गुरं राखायच्या वयापासून ती त्यांची चैन होती. त्यातही हाबीन्झूची जीभ जास्त तिखट. मुन्साकाने एक हाणली की तो बसल्या जागेवरून दोन परत करायचा. पाहुणा निघाला की त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत जावं, एवढं तर लहान पोरालाही कळतं. हाबीन्झू सगळ्या गावाला पोचवायला जाई, मुन्साकाला मात्र कधी नाही. खुर्चीतून न हलता म्हणायचा, "तुला काय पोचवायचं? पंख आहेत, उडून जा."

मुन्साका समोरच्या स्टुलावर बसला.

"काय रे, सोंडेला गाठ पडली का? बोलत नाहीस ते?"

एवढं बोलून तो थांबला. हल्ली तो असाच थांबायचा. हाबीन्झूला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढी जागा मोकळी सोडायचा, मान हलवायचा, जणू उत्तर आलं आणि लागलंही, आणि मग पुढचं बोलायचा.

"बरं बरं. पण तुझ्या बैलांना मी आजच सांगून आलोय, तुमचा मालक बदलला म्हणून. नाचले रे बिचारे!"

पुन्हा तो थांबला. हाबीन्झूचा चांगला डोळा त्याच्यावर खिळला होता. श्वास भराभर चालला होता, छाती वरखाली होत होती, आणि डोळ्यातून पाणी गालावर उतरत होतं. ते दुखण्याचं होतं की आणखी कशाचं, हे मुन्साकाला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. म्हणूनच तो रोज यायचा.

"काका, जरा इकडे येता?"

दारात माइन्झा उभा होता. हाबीन्झूच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, लुसाका शहरात फ्रिज दुरुस्त करणारा. बहीण केव्हाच वारली होती, त्यामुळे मामाच्या कुळातलं जबाबदार माणूस आता तोच. दुकान बंद ठेवून तो आला होता, मामाला उचलत होता, धूत होता, आणि त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"तुम्ही आलात की त्यांना दम लागतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलंय, मन शांत राहू द्या. आजारी माणसाला कोणी मरणाचं बोलतं का? शहरात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही."

"आमचं पहिल्यापासून असंच आहे."

"माहीत आहे. पण आता ते उत्तर देऊ शकत नाहीत ना. दोन शब्द गोड बोला, काका. मित्र आहात त्यांचे."

त्याच्या आवाजात जराही उर्मटपणा नव्हता. असता तर मुन्साकाने त्याला दोन वाक्यांत गार केलं असतं. पण तो हात जोडल्यासारखा बोलत होता, आणि मुन्साकाच्या मनात आलं, पोरगं खरं बोलत असेल तर? आपणच याला रोज थोडा थोडा मारत असलो तर?

तो परत गेला. स्टूल बाजूला सारून हाबीन्झूच्या पायाशी उकिडवा बसला. त्याने मित्राचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हाबीन्झू, भावा," तो म्हणाला, "फार चांगला माणूस आहेस तू. देव तुला सांभाळो."

हाबीन्झूने त्याच्याकडे पाहिलं. तो वाट पाहत होता. एवढ्या गोड सुरुवातीनंतर केवढा मोठा टोला येणार, याची तो वाट पाहत होता, हे मुन्साकाला स्पष्ट दिसलं. पण टोला नव्हताच. मग त्याचा डोळा बायकोकडे गेला, भाच्याकडे गेला, परत मुन्साकाकडे आला, आणि त्यात भीती होती. त्याने हात सोडवून घेतला. घशातून कसलासा आवाज काढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय बोललात तुम्ही, दादा?" लुयांदोच्या आईच्या हातातली वाटी कलंडली.

"वाईट काहीच नाही, ताई. चांगलंच बोललो."

"तेच तर!" ती रडायला लागली. "जन्मात कधी त्याच्याशी चांगलं बोललात का? आता त्याला काय वाटेल? आपलं संपलं, असंच ना?"

मुन्साका घाईघाईने पुढे वाकला. "अरे ए, हत्तीच्या पोटच्या! गंमत केली रे! तुला कोण चांगलं म्हणेल? तुझा तो खड्डा... मी खड्डा म्हणालो ना मघाशी, तो..."

आणि तो अडखळला. फाटकापाशी याच शब्दाने त्याला हसू येत होतं. आता त्याचा जो अर्थ होता तेवढाच उरला होता. हाबीन्झूने मान वळवली नाही.

ऊन सरकत खुर्चीपर्यंत आलं तेव्हा मुन्साका आणि माइन्झाने मिळून त्याला आत नेलं आणि खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं. तिथेही तो भिंतीकडे वळला. लुयांदोच्या आईने दूध पुढे केलं, त्याने ओठ घट्ट मिटले. नव्या शिव्या मुन्साकाच्या ओठांपर्यंत आल्या, पण पाठीला शिव्या कशा द्यायच्या हे त्याला माहीत नव्हतं. त्याने टोपी उचलली.

अंगणात येऊन पाहतो तर माइन्झा आंब्याखालची सायकल आणून ती धरून उभा.

"चला काका, रस्त्यापर्यंत येतो."

"सोड ती," मुन्साका म्हणाला. "हत्ती आम्हाला पोचवायला येत नाहीत."

माइन्झाने सायकल सोडली नाही. खाली मान घालून तो हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. "मला यातलं काही येत नाही, काका. आईने शिकवलं नाही. आम्ही खाणीच्या गावात वाढलो, तिथे सगळ्या कुळांचे लोक एकाच नळावर." मग त्याने विचारलं, "मामा काय म्हणायचे?"

मुन्साकाने सांगितलं, "म्हणायचा, पंख आहेत, उडून जा."

माइन्झाने म्हाताऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. पायातल्या एका चपलेला तार बांधली होती.

"पंख आहेत," तो पुटपुटला. "उडून जा."

"असं प्रार्थनेत बोलल्यासारखं नाही रे, गाढवा," मुन्साका म्हणाला, आणि सायकल हातात घेऊन लंगडत फाटकाबाहेर पडला.

तो आंब्याच्या पलीकडे गेला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा, बेसूर, मध्येच फाटलेला.

"ए पाखरा! तुला काय पोचवायचं? पंख आहेत ना? उडून जा!"

मुन्साकाने वळून पाहिलं. माइन्झा अंगणाच्या मधोमध उभा होता, पण त्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, मामाच्या खिडकीकडे होतं. ओरडून झाल्यावर तो तसाच थांबून राहिला. हाबीन्झूला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा.