तिसरं अक्षर

तिनं पहिलं अक्षर सोडलं आणि घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं. एक अक्षर पोचायला अख्खी पाच मिनिटं! एवढ्या खोल पाण्यात दुसरी कुठली रेडिओलहर शिरतच नाही, ही लांबलचक लहर तेवढी शिरते, आणि तीही गोगलगायीच्या चालीनं. म्हणून पाणबुडीला रोज ठरल्या वेळी तीनच अक्षरं जायची. शेवटी 'क' आला की काही नाही, खालीच राहा. 'व' आला की वर या, निरोप आहे. पाणबुडीला नुसतं ऐकू यायचं, उत्तर देता यायचं नाही.

त्या पाणबुडीत तिचा धाकटा भाऊ होता. आणि आई आज सकाळी गेली होती.

मावशीचा फोन ऑफिसातच आला. तिनं साहेबांना कसंबसं सांगितलं, तसे साहेब कपाटाकडे गेले आणि एक फाइल घेऊन आले.

"खाली जाण्याआधी फॉर्म भरून घेतो ना आपण? घरी काही बरंवाईट झालं तर कळवायचं की नाही. एका चौकटीत खूण करायची, बस."

"मग? त्यानं काय केलंय?"

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. दोन्ही चौकटी कोऱ्या. खाली त्याचं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर: ताईला विचारा.

तिला हसूच फुटलं.

"शहाणा! शाळेतसुद्धा असाच. काच फुटली की ताईला विचारा."

तिनं दुसरं अक्षर सोडलं. ते दोन्ही निरोपांत सारखंच होतं.

"परत यायला अजून चाळीस दिवस आहेत," साहेब म्हणाले. "कळलं तरी येता येणार नाही त्याला. फोन नाही, काही नाही. आणि त्या पत्र्याच्या डब्यात रडायलाही आडोसा नसतो, पोरी. मी राहिलोय तिथे."

"आणि नाही कळवलं तर दारातूनच आईला हाका मारत येईल तो."

घड्याळाचा काटा सरकत होता. तिनं तळहाताचा घाम कपड्याला पुसला. बोट 'व'वर गेलं, तिथेच थांबलं, मग बाजूला सरकलं. तिनं 'क' दाबला.

"जा आता घरी. सगळे तुझीच वाट बघत असतील."

"जाते. एवढं पोचू दे."

साहेबांनी पेन काढलं. "मग 'कळवू नका'वर खूण करू?"

"नको!" ती एकदम म्हणाली. मग आवाज खाली आला. "उद्या पुन्हा विचारा. रोज विचारा मला."